धावणाऱ्यांचा गुडघा: थांबलं की बरा, धावलं की पुन्हा दुखणारा

लक्षणं

दुखणं गुडघ्याच्या पुढच्या बाजूला, वाटीच्या मागे किंवा भोवती असतं. नेमकं कुठं दुखतं असं विचारलं तर एक बोट टेकवता येत नाही. माणूस वाटीवर अख्खा तळवा फिरवून ‘इथं सगळीकडं’ म्हणतो. साताऱ्यात समर्थ मंदिराकडून यवतेश्वरचा घाट चढताना फारसं जाणवत नाही, पण परतीच्या उतारावर गुडघा बोलायला लागतो. घरी आल्यावर जिना उतरताना कळ येते, उकिडवं बसलं की वाढते. पुण्याहून एसटीनं गुडघे दुमडून आलात तर स्टँडवर उतरल्यावर पहिली चार पावलं अवघडलेली पडतात. सूज बहुधा नसते. आठ-दहा दिवस पळणं बंद ठेवलं की दुखणं गायब होतं आणि पुन्हा सुरू केलं की त्याच आठवड्यात परत हजर.

हे चित्र जुळत असेल तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. जुळत नसेल तर आधी बोट कुठं जातं ते बघा. गुडघ्याच्या बाहेरच्या कडेला, ठरावीक अंतर धावल्यावर सुरी फिरल्यासारखं होत असेल तर तो मांडीच्या बाहेरून येणाऱ्या पट्ट्याचा त्रास, म्हणजे आयटी बँड. वाटीच्या अगदी खालच्या टोकाला, एका बोटाएवढ्या जागेत, उडी मारताना दुखत असेल तर ती वाटीखालची शीर. बारा ते पंधरा वर्षांच्या पोराला वाटीच्या खाली नडगीच्या हाडावर टेंगूळ आलं असेल आणि ते दाबल्यावर दुखत असेल तर तो वाढीच्या वयातला वेगळा प्रकार. आतल्या किंवा बाहेरच्या सांध्याच्या फटीत दुखून गुडघा अडकत असेल तर संशय गादीवर, म्हणजे मेनिस्कसवर जातो. या चारही ठिकाणी खालचे व्यायाम जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

आधी ही यादी वाचा

यातलं एकही असेल तर घरगुती तपासणी नको, थेट डॉक्टरांकडे जा:

- पडल्यावर, मुरगळल्यावर ‘टप्’ आवाज आला आणि काही तासांत गुडघा सुजला.
- गुडघा मध्येच अडकतो, पूर्ण सरळ होत नाही, किंवा चालताना अचानक दगा देतो.
- पायावर वजन टाकून चार पावलंही चालता येत नाही.
- गुडघा लाल, गरम, सोबत ताप.
- आराम करतानाही, रात्री झोपेतून उठवेल असं दुखणं.
- हाडावर एकाच बिंदूला दाबल्यावर कळ, आणि रोज धावताना ती लवकर-लवकर सुरू होते.
- लहान मूल किंवा किशोरवयीन मुलगा लंगडतोय आणि गुडघा मात्र तपासल्यावर ठीक वाटतो. अशा वेळी दोष खुब्यात असून दुखणं गुडघ्यात जाणवू शकतं. यात दिवस घालवायचे नाहीत.

यातलं काही नसेल, तर घाबरण्यासारखं काही नाही. वाटी घासली, गुडघ्यातलं वंगण संपलं, आता पळणं कायमचं बंद, असं सांगणारे गल्लोगल्ली भेटतात. तिशीच्या आतल्या धावणाऱ्याला ते बहुतेक वेळा लागू नसतं. दुखल्याशिवाय होणारा कटकट आवाजही सोडून द्या.

नेमकं बिघडतं काय

वाटी मांडीच्या हाडाच्या खाचेत वर-खाली सरकते. गुडघा जितका दुमडलेला आणि मांडीचा पुढचा स्नायू जितका जोरात ओढणारा, तितकी ती खाचेवर दाबली जाते. सपाटीवर चालताना हा दाब शरीराच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास असतो. जिन्यावर तो तिपटीच्या पुढे जातो, आणि पूर्ण खाली बसून उठताना सात पटीपर्यंत. उतारावर धावताना प्रत्येक पावलाला मांडीचा स्नायू ब्रेक लावत असतो, तोही गुडघा दुमडलेला असताना. म्हणून घाट चढताना गप्प असलेला गुडघा उतरताना ओरडतो.

गुडघा हा दाब सोसायला शिकतो, पण हळूहळू. त्याच्या सवयीपेक्षा जास्त दाब थोड्या दिवसांत टाकला की दुखणं सुरू होतं. नुसता आराम का पुरत नाही तेही यातच आहे. आरामात दुखणं उतरतं, पण मांडी आणि खुब्याची ताकदही उतरते. मग माणूस पूर्वीच्याच अंतरावर परत उभा राहतो, या वेळी आधीपेक्षा कमजोर पायांवर.

पहिली तपासणी: वही (खर्च शून्य)

दुखणं सुरू झालं त्याच्या आधीचे सहा आठवडे कागदावर मांडा. रोजचं अंतर, घाट होता की सपाटी, वेगाचे राउंड किती. शेजारी धावण्याव्यतिरिक्तचं सगळं लिहा, आणि इथंच बहुतेक जण चुकतात. तालमीतल्या बैठका, अजिंक्यताऱ्याची रोजची चढ-उतार, सज्जनगडाच्या पायऱ्या, उकिडवं बसून धार काढणं, भांगलण, दुकानात दिवसभर जिन्यावरून खाली-वर. गुडघ्याला हे सगळं एकाच खात्यात जमा होतं.

मग जिथं आकडा उडी मारतो तो आठवडा शोधा. तो बहुधा सापडतोच. साताऱ्यात उडीच्या दोन ठरलेल्या वेळा आहेत. एक, पावसाळ्यात हिल हाफ मॅरेथॉन तोंडावर आली की. आधी सपाटीवर पाच-सहा किलोमीटर धावणारे एकदम रविवारचा पूर्ण घाट चढून उतरायला लागतात. या शर्यतीचा पहिला अर्धा चढ आणि उरलेला उतार, म्हणजे पाय थकल्यावर ब्रेक लावायचे. दोन, पोलीस भरतीची जाहिरात आली की. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर काढायचे असतात, आणि पोरं सकाळी राउंड, संध्याकाळी पुन्हा राउंड, वर बैठका अशी सुटतात.

उपाय त्याच वहीत आहे. उडीच्या आधीच्या आठवड्याचं जे अंतर होतं त्याच्या निम्म्यावर या. उतार आणि बैठका पूर्ण बंद, सपाटीवरचं हळू धावणं चालू, पण एका अटीवर: शून्य ते दहाच्या मापात धावताना दुखणं २-३ च्या वर जायला नको, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना ते कालच्याइतकंच किंवा कमी हवं. सकाळी वाढलेलं दिसलं तर काल जास्त झालं, एवढाच अर्थ. पुढच्या खेपेला अंतर आणखी कमी करा. चालतानाही ३ च्या वर दुखत असेल तर धावणं तात्पुरतं थांबवून सायकल चालवा, सीट जरा उंच ठेवून, म्हणजे गुडघा कमी दुमडतो.

बैठकांबद्दल स्पष्ट सांगायला हवं, कारण त्या सोडायला कुणी तयार नसतं. चवड्यांवर उभं राहून, गुडघे पुढे ढकलून, पूर्ण खाली जाणारी वेगातली बैठक निरोगी पायांना उत्तम आहे. दुखऱ्या वाटीला तिच्याइतकं वाईट दुसरं काही नाही. सहा ते आठ आठवडे वस्तादांना सांगून बंद ठेवा. जोर चालू ठेवायला हरकत नाही.

दुसरी तपासणी: आरसा आणि मोबाइल

अनवाणी उभे राहा, टाचा न उचलता हळू खाली बसत जा. वाटीच्या मागचं दुखणं या हालचालीत उठतं का ते बघायचं. घरच्या घरी करण्यासारखी याहून भरवशाची चाचणी नाही. कुठल्या कोनात दुखायला लागतं ते लक्षात ठेवा, कारण पुढचे व्यायाम त्या कोनाच्या अलीकडे करायचे आहेत.

दुसरी चाचणी पायरीची. १५ सेंटिमीटरच्या आसपासच्या पायरीवर दुखऱ्या पायावर उभे राहून दुसऱ्या पायाची टाच हळू जमिनीला टेकवा, पुन्हा वर या. असं पाच वेळा करा आणि समोरून कुणाला तरी व्हिडिओ काढायला सांगा. गुडघा पायाच्या अंगठ्याच्याही आत कलंडतोय का, कंबर एका बाजूला खाली पडतेय का, अंग लटपटतंय का, हे बघा. असं दिसलं तर खुब्याच्या बाहेरच्या स्नायूंना काम कमी पडतंय. दोन्ही पायांचा व्हिडिओ काढा, फरक आपोआप दिसतो. मुलींमध्ये हा गुडघा आत जाण्याचा प्रकार जास्त दिसतो, आणि हे दुखणंही त्यांच्यात जास्त आढळतं.

तिसरी: रस्ता आणि दिशा

डांबरी रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो. रोज एकाच कडेनं धावलात तर एक पाय कायम खाली पडतो. शाळेच्या छोट्या मैदानावर राउंड मारणाऱ्यांचं असंच: दिशा एकच, वळणं बारीक, आतला पाय तोच. दुखतो तोच पाय दर वेळी कडेच्या किंवा वळणाच्या आतल्या बाजूला असेल तर एक दिवसाआड दिशा बदला. जिल्हा क्रीडा संकुलासारखं मोठं मैदान मिळत असेल तर छोट्या मैदानावर गरगर फिरण्यात काही राम नाही. रस्त्यावर मात्र समोरून येणारी वाहनं दिसतील अशीच बाजू ठेवा. गुडघ्यासाठी जीव धोक्यात घालायचा नाही. बाजू बदलायची तर रहदारी नसलेला रस्ता निवडा.

चौथी: बूट

नवे घेण्याआधी जुने टेबलावर ठेवून मागून बघा. एका बाजूला कलले असतील, तळव्याच्या फोमला आडव्या सुरकुत्या पडल्या असतील, किंवा टाचेचा रबर झिजून आतला फोम दिसत असेल तर ते संपले. साधारण ५०० ते ८०० किलोमीटरमध्ये धावण्याचे बूट निकामी होतात. वजनदार माणसाचे आणि खडबडीत रस्त्यावरचे आधीच. कॅनव्हासचे पीटी शूज किंवा फुटबॉलचे स्टड घालून डांबरावर सराव होत असेल तर ते आधी बदला.

नवे घेताना संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडा फुगलेला असतो. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, टाच सुटायला नको. दुकानात धावून बघितल्यावर जे आरामशीर वाटतात ते घ्या. किमतीवरून गुडघा बरा होत नाही.

पाचवी: पावलांचा ठेका

नेहमीच्या वेगानं धावताना ३० सेकंदांत उजवा पाय किती वेळा टेकला ते मोजा, त्याला ४ नं गुणा. ही तुमची मिनिटाची पावलं. लांब ढांगा टाकणाऱ्याचा पाय शरीराच्या बराच पुढे पडतो आणि गुडघ्याला ब्रेकचं काम पडतं. वेग तोच ठेवून पावलं ५ ते १० टक्क्यांनी वाढवा. १६० असतील तर १६८ ते १७६ च्या दरम्यान. मोबाइलवर मेट्रोनोम (ठरावीक तालात टिकटिक करणारं अ‍ॅप) लावून सुरुवातीला फक्त पाच-पाच मिनिटं, मध्ये नेहमीसारखं. १८० चा हट्ट नको, उंच माणसाला तो जमेलच असं नाही. एकदम ठेका बदलला तर पोटऱ्या आणि टाचेची शीर भरून येते, म्हणून पंधरा-वीस दिवस घ्या.

सहावी: ताकद

इथपर्यंतच्या सगळ्या तपासण्या एका आठवड्यात होतात. खरं काम पुढे आहे आणि त्याला सहा ते बारा आठवडे लागतात. खुबा आणि मांडी, दोन्हींचा व्यायाम हवा. नुसत्या मांडीचा केला तर निम्मं काम राहतं. आठवड्यात तीन दिवस, मध्ये एक दिवस सुट्टी.

*पहिले दोन आठवडे.* चांगल्या बाजूच्या कुशीवर भिंतीला पाठ आणि टाच लावून झोपा. वरचा पाय टाच भिंतीवरून घासत वर न्या, २ सेकंद थांबा, सावकाश खाली. १२ चे ३ सेट. यात सगळे एकच गोष्ट चुकतात: पायाची बोटं छताकडे फिरतात, कंबर मागे कलंडते आणि काम मांडीच्या पुढच्या स्नायूकडे जातं. बोटं समोर किंवा किंचित जमिनीकडे हवीत. नीट केलं तर खुब्याच्या मागच्या-बाहेरच्या भागात जळजळ होते. मांडीच्या पुढे होत असेल तर पाय चुकीचा उचलला जातोय.

मग उताणं झोपून, गुडघे दुमडून कंबर उचलायची (सेतुबंधासारखी), १२ चे ३ सेट. आणि भिंतीला पाठ टेकून अर्धवट बसणं, गुडघा साधारण ४५ अंश, ३० ते ४५ सेकंद, पाच वेळा. एवढ्यातही दुखत असेल तर वर सरका. तेही जमत नसेल तर उताणं झोपून गुडघा ताठ ठेवून सरळ पाय फूटभर उचलणं, १० चे ३ सेट, यावर थांबा.

*तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंत.* सायकलची जुनी ट्यूब कापून गुडघ्यांच्या जरा वर बांधा, थोडं वाकून आडवं चाला, प्रत्येक बाजूला १५ पावलं, तीन फेऱ्या. गुडघे ट्यूबच्या ओढीनं आत येऊ द्यायचे नाहीत. दुसरं, खुर्चीवर बसणं-उठणं: खाली जायला ३ सेकंद, १० चे ३ सेट. सोपं झालं की पोटाशी पाच किलो गव्हाची पिशवी धरा. तिसरं, पायरीवरून हळू उतरणं. बांधकामावरचा चार इंची सिमेंटचा ब्लॉक आडवा ठेवून भिंतीजवळ सुरुवात करा, ८ चे ३ सेट. आठवडाभर दुखलं नाही तर सहा इंची घ्या. विटा एकावर एक रचू नका, त्या हलतात. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहतोय का ते आरशात बघत करा. उंची वाढवण्यापेक्षा ही रेष महत्त्वाची.

*पुढे बाराव्यापर्यंत.* एका पायावर खुर्चीतून उठणं, मागे पाऊल टाकून लंज, एका पायावरचा सेतू, शेवटी एका पायावर छोट्या उड्या. वजन असं हवं की सेटमधले शेवटचे दोन-तीन जड जातील. महिनाभर तीच गव्हाची पिशवी घेऊन बसलात तर ताकद वाढणार नाही.

जिममध्ये जात असाल तर लेग एक्स्टेन्शनच्या मशीनवर पाय पूर्ण सरळ करू नका. गुडघा ९० अंशांपासून ४५ पर्यंतच. उलट उभ्यानं स्क्वॉट करताना सरळपासून ४५ पर्यंतचा टप्पा वाटीला सोपा. त्रास ओसरला की दोन्हींची मर्यादा हळूहळू वाढवायची.

बहुतेकांचं दुखणं तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात निवतं आणि तिथंच व्यायाम सुटतो. परत-परत येणाऱ्या गुडघ्यामागे सगळ्यात जास्त वेळा हेच सापडतं.

परत धावणं, आणि उतार सगळ्यात शेवटी

३० मिनिटं भराभर चालून आणि पायरीवरून दहा वेळा उतरून दुखणं २ च्या आत राहिलं की सुरू करा. १ मिनिट धावणं, १ मिनिट चालणं, दहा वेळा, एक दिवसाआड. मग धावण्याचं मिनिट वाढवत न्या, सपाटीवर सलग ३० मिनिटं होईपर्यंत. त्यानंतर अंतर. अंतर स्थिरावलं की वेग. मग चढ. उतार शेवटी. एका आठवड्यात यातली एकच गोष्ट वाढवायची. आठवड्याला १० टक्के वाढ हा आकडा काळ्या दगडावरची रेघ नाही, सकाळचा जिना काय सांगतो ते जास्त खरं.

घाटाची तयारी करणाऱ्यांना एक सोय आहे: चढ धावत जा, खाली कुणाच्या तरी दुचाकीवर बसून या. दमसास तयार होतो, वाटी वाचते. उतार सुरू कराल तेव्हा पहिल्यांदा अर्धा किलोमीटरच. मागे रेलून टाचेवर ब्रेक लावायचे नाहीत. अंग रस्त्याच्या बरोबरीनं किंचित पुढे, पावलं आखूड आणि भराभर.

भरतीचं मैदान दोन आठवड्यांवर आलं असेल तर वरचं वेळापत्रक बसणार नाही. तेव्हा लांब राउंड बंद करा, आठवड्यात दोनच दिवस सपाटीवर वेगाचा सराव, बैठका आणि जिने शून्य, व्यायाम पहिल्या टप्प्याचे. मैदान झाल्यावर राहिलेलं काम पूर्ण करायचंच.

पट्टी, नी-कॅप, गोळ्या

वाटीला आतल्या बाजूला किंचित ओढणारी चिकटपट्टी काहींना लगेच आराम देते. पट्टीमुळे व्यायाम कमी दुखत झाला तर तिचा उपयोग झाला. बुटातलं तयार इनसोलही पहिले काही आठवडे चालतं. नी-कॅपनं धीर येतो, ताकद येत नाही. व्यायामानंतर दहा-पंधरा मिनिटं फडक्यात गुंडाळलेला बर्फ लावला तर बरं वाटतं. मालिश करायला हरकत नाही, पण तिच्यावर विसंबू नका. दुखणं दाबणारी गोळी खाऊन धावायला मात्र जायचं नाही. एक तर गुडघ्याचा इशारा ऐकू येत नाही, दुसरं म्हणजे घाम गाळून पाणी कमी झालेलं असताना डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मूत्रपिंडाला आणि पोटाला बाधतात.

कुठं थांबायचं

भार कमी करून आणि व्यायाम न चुकवता सहा आठवडे झाले, तरी जिना उतरताना तेवढंच दुखतंय, तर घरचे प्रयोग बंद करा. रोजच्या चालण्यातही दुखणं वाढत चाललं असेल तर सहा आठवडेही थांबू नका.

पहिल्यांदा फिजिओथेरपिस्ट. जाताना जुने बूट, सहा आठवड्यांची वही आणि पायरीवरचा व्हिडिओ घेऊन जा, म्हणजे अर्धं काम तिथंच होतं. त्यांनी तुम्हाला एका पायावर बसवून बघितलं पाहिजे, खुब्याची ताकद तपासली पाहिजे आणि वाढत जाणारा व्यायाम लिहून दिला पाहिजे. नुसतं टेबलावर झोपवून रोज शेक आणि मशीन लावून पाठवत असतील तर दुसरीकडे जा. मशीननं हा गुडघा सुधारत नाही.

सुरुवातीच्या यादीतलं काही असेल तर अस्थिरोगतज्ज्ञ. सरकारी दवाखाना हवा असेल तर साताऱ्यात जिल्हा रुग्णालय आहे, सांगलीकडच्यांना मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय जवळ. साध्या वाटीच्या दुखण्याला एमआरआय सहसा लागत नाही. काढलाच आणि अहवालात ‘कॉन्ड्रोमलेशिया’ (वाटीमागची कूर्चा मऊ पडणं) असं लिहून आलं तर लगेच धास्ती घेऊ नका. ज्यांचा गुडघा कधी दुखलाच नाही अशांच्या एमआरआयतही तसे बदल दिसतात. कुणी पहिल्याच भेटीत गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन किंवा दुर्बिणीतून शस्त्रक्रिया सुचवली, आणि अडकणं-सुजणं असं काही नसेल, तर सुई टोचून घेण्याआधी दुसऱ्या अस्थिरोगतज्ज्ञांचं मत घ्या.